सुपडू नाना धुळ्याला गेले

सुपडू नाना नसते तर मी बी.ए. झालो नसतो. हे वाक्य मी तेव्हा कोणापुढे बोललो नाही. पदवीचा कागद घेऊन घरी आलो तेव्हा वडिलांनी तो उलटा धरून बराच वेळ न्याहाळला आणि मारुतीपुढे नेऊन ठेवला. मग मी हेडमास्तरांच्या पाया पडलो, पुण्यात वाराने जेवू घालणाऱ्या घरांना पत्रे लिहिली, गावातल्या थोरामोठ्यांकडे पेढे नेले. सुपडू नानांच्या घरावरून त्या दिवशी दोनदा गेलो, पण आत गेलो नाही.

आमचे मेहरूण जळगावला अगदी लागून, तलावाच्या काठी आहे. गावाला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक तलावाचा, आणि दुसरा मारुतीच्या तालमीतल्या हुतूतूच्या संघाचा. तलाव उन्हाळ्यात आटत असे, त्यामुळे बारा महिने टिकणारा अभिमान संघाचाच. आणि संघ म्हणजे सुपडू नाना. वीस वर्षे ते मेहरूणकडून खेळले. मी त्यांच्या शेजारी खेळायला उभा राहिलो तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि ते चाळिशीकडे झुकले होते.

दिसायला ते खेळाडू वाटत नसत. बुटके, जाड पोटऱ्यांचे, जळगावच्या सरकी काढायच्या एका जिनात कापूस वाहणारे मजूर. भुवयांवर कायम रुईचे तंतू चिकटलेले असत, त्यामुळे तरुणपणीही ते म्हातारे दिसत, असे म्हातारी माणसे सांगत. जिनात धूळ फार. नाना नाकाला फडके बांधत नसत. श्वास कोंडून आत जायचे, ओझे टाकून बाहेर यायचे आणि मग श्वास घ्यायचा, अशी त्यांनी सवय केली होती. त्यांच्या दमाचे रहस्य तेच, असे ते म्हणत. पुढे त्याच धुळीने काय केले, ते पुढे सांगतो.

बाकीचे खेळाडू चढाईला जाताना हुतूतू असे ओरडत जात. नाना गुणगुणत. पाळण्यातल्या मुलाला झोपवावे तसा बारीक, एकसारखा आवाज. पंचाला त्यांच्या मागे वाकून चालावे लागे. गावातल्या बायका मुलांना निजवताना नानांची नक्कल करीत, आणि नानांची बायको विहिरीवर म्हणे की, घरात मात्र हा माणूस घोरतो, तेव्हा याचा दम कोणी मोजत नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा रेघेचा. जमिनीवर आखलेली रेघ ते श्वास घेत ओलांडत नसत. मुलांना हे कळल्यावर काय विचारता? नाना कामाला निघण्याच्या वेळी गल्लीत काठीने रेघा मारून ठेवायची. नाना पहिल्या रेघेपाशी थांबणार, छाती भरून घेणार, आणि गुणगुणत थेट शेवटच्या रेघेपलीकडे जाणार. एकदा मुलांनी मारुतीच्या पारापासून तलावापर्यंत रेघा मारल्या. नाना तेवढेही अंतर एका दमात गेले आणि वळून मुलांना म्हणाले, "पार जिनना दारलोंग रेघा मारतात ना रे, कामले लवकर पोचतू."

खेळातला त्यांचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. चढाई करणाऱ्याचा दम चालू असेतोवर त्याला हवा तसा धरा. "दम तुटना का हात सोडी दे. मंग तो गडी नही, पाव्हना शे." दम तुटलेल्या गड्याला नाना नुसते सोडत नसत. हात देऊन उठवत आणि त्याच्या पाठीची धूळ झटकत.

नानांचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे हिरामण आबा. पाराशेजारीच त्यांचे घर. बैलजोडीतल्या उजव्या बैलाचे नाव त्यांनी सुपडू ठेवले होते. संघ जिंकला की हिरामण आबा पितळेचा तांब्या भरून दूध घेऊन येत आणि नानांनी ते सगळ्यांसमोर, एका दमात प्यावे अशी रीत होती. तो तांब्या एरवी कोणी वापरत नसे. तो त्यांच्या ओट्यावरच्या कोनाड्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवलेला असे.

आमचे हाडवैर धुळ्याच्या संघाशी. दर संक्रांतीला आम्ही पांझरा नदीच्या पात्रात खेळायला धुळ्याला जायचे आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांनी मेहरूणला यायचे. धुळ्याचा मुख्य खेळाडू बुधा नावाचा, उंच आणि चपळ. त्या वर्षी संक्रांतीच्या सामन्यात बुधा चढाईला आला. नानांनी त्याचा घोटा धरला. बुधा रेघेकडे ओढत निघाला, आणि हातभर अंतर राहिले असताना त्याचा दम तुटला. मी तो तुटताना ऐकला. नानांनी त्याच क्षणी हात सोडला. पण मी निघालोच होतो. बाजूने सगळ्या अंगानिशी मी बुधाच्या गुडघ्यावर पडलो. दम तुटलेला मला कळला होता आणि तरी मी थांबलो नाही, हे मी इथे स्पष्ट लिहितो. वर आणखी दोघे-तिघे येऊन पडले. धूळ उडाली. ढीग मोकळा झाला तेव्हा बुधाचा पाय भलत्याच दिशेला वळलेला होता.

धुळ्याचे लोक मैदानात धावले. दम तुटल्यावर कोणी धरले, अशी एकच विचारणा सुरू झाली. नाना उठले, हातावरची वाळू झटकली आणि म्हणाले, "हात मन्हा व्हता. दम तुटना तरी मी सोडं नही."

धुळ्याहून जळगावला यायचे तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. फलाटावर बाकीचे चहाला गेले. मी पाण्याच्या नळापाशी उभा राहून रडत होतो. नाना आले, नळ सोडला, मला तोंड धुवायला लावले. मी म्हणालो, गावात गेल्यावर मी सांगतो. ते म्हणाले की, सांगितलेस तर तुला धुळ्याला जावे लागेल.

हे कसे, ते सांगायला हवे. आमच्याकडे शेतकऱ्यांत एक रीत होती. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल लंगडा केला, तर पहिल्याने आपला बैल दुसऱ्याच्या जुवाला द्यायचा, लंगडा बैल पुन्हा औताला चालेपर्यंत. त्यावर भांडण नाही की पंचायत नाही. नानांच्या मनाने ती रीत माणसांनाही लागू होती. धुळ्याचा खेळाडू आपल्या चुकीने मोडला, तर त्याची जागा आपण भरायची.

मी म्हणालो, मग मी जातो. त्यावर नाना जरा चिडले. ते सहसा चिडत नसत. "तुनी परीक्षा दोन महिनावर शे. एक साल गया ते तुना बाप तुले औतले जुपी दी. मंग शिकाई सगळी गयी." मग नळ बंद करून हळू आवाजात म्हणाले, "मी ओझं वाहस. आठे वाहू का तठे वाहू, माले काय? तू गप ऱ्हाय."

मी गप्प राहिलो. गप्प राहायला सांगितले म्हणून राहिलो, असे मी बरीच वर्षे स्वतःला समजावले.

आठ दिवसांनी नाना धुळ्याला गेले. तिथल्या जिनात काम धरले, संध्याकाळी धुळ्याच्या संघाबरोबर नदीत सरावाला उतरू लागले. ही बातमी मेहरूणमध्ये पोचली त्या दिवशी पारावर बोलणे सुरू झाले ते थांबेना.

नानांनी जाताना पारावर कारण सांगितले होते. दम तुटल्यावर मी धरले, पाय माझ्यामुळे मोडला, जाणे भाग आहे. पण यावर कोणाचा विश्वास बसला नाही. वीस वर्षे ज्यांनी नानांना पाहिले होते, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की सुपडू दम तुटलेल्या गड्यावर हात ठेवणार नाही. म्हणजे तो खोटे बोलतो आहे. खोटे बोलतो म्हणजे कारण दुसरे आहे. नानांवरचा इतका मोठा विश्वासच त्यांच्यावर उलटला. मग कोणीतरी म्हणाले, धुळ्याच्या एका शेठने त्याला म्हैस दिली. आठवड्याभरात ती म्हैस दुभती झाली. होळीपर्यंत तिला पारडू झाले.

हिरामण आबांनी कोनाड्यातला तांब्या उपडा घातला. "आमनं दूध त्याले पुरनं नही. आते धुळानी म्हैसनं पिऊ दे," एवढेच ते म्हणाले आणि सुपडूचे नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही, अशी त्यांनी मारुतीची शपथ घेतली. या शपथेत एक अडचण होती. त्यांनी बैलाचे नाव बदलून राजा ठेवले, पण बैलाला ते मान्य नव्हते. राजा राजा म्हणून घसा बसला तरी तो वळणावर वळेना. दोन दिवस निम्मे शेत वाकडे नांगरल्यावर आबा शेवटी शपथ मोडून, शिवारात कोणी नाही ना हे पाहून, हळूच म्हणाले, "वळ ना रे सुपडू." बैल वळला. शेजारच्या शेतातल्या बायकांनी ते ऐकले आणि संध्याकाळी सगळ्या गावाला कळले. त्यानंतर आबा शेतात दिवसभर सुपडूला साद घालीत आणि पारावर येऊन सुपडूला शिव्या देत.

मुलांना घरोघरी ताकीद मिळाली की नानांच्या दारासमोर रेघा मारायच्या नाहीत. नाना तर तिथे नव्हतेच. ताकीद त्यांच्या बायकोला दिसावी म्हणून होती.

एकदा नानांचे कार्ड आले. नानांना लिहिता येत नव्हते, धुळ्यात कोणाकडून तरी लिहून घेतलेले. मेहरूणमध्ये पत्र एकट्याने ऐकायची पद्धत नव्हती. टपालवाला पारावर बसून प्रत्येकाचे पत्र मोठ्याने वाचायचा, सुखदुःख सगळ्यांचे. कार्डात लिहिले होते की मी खुशाल आहे, बुधाचा पाय फळ्यांत बांधला आहे, हिरामण आबांच्या सुपडूला माझी आठवण सांगावी. तिथवर वाचून होईपर्यंत पारावर टपालवाला, नानांची बायको आणि मी एवढेच उरलो होतो. बाकीचे एकेक करून उठून गेले होते.

मी मॅट्रिकची परीक्षा दिली. आखाजी आली. झाडांना झोके बांधले, माहेरवाशिणी आल्या आणि धुळ्याचा संघ आला. नाना त्यांच्या बाजूला उभे. नानांच्या जुन्या कोपऱ्यात मी उभा.

लोकांनी काय काय म्हटले ते लिहीत नाही. म्हशीसारखे रेकणारीही माणसे होती, आणि त्यांत मी ज्यांना काका म्हणतो तेही होते. नाना नेहमीसारखे खेळले. ना कमी, ना जास्त. सामना बरोबरीत असताना ते चढाईला आले. आमच्या दोघांना त्यांनी हात लावला आणि वळले. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. मला ओढत ते रेघेपर्यंत गेले आणि त्यांची बोटे रेघेला लागली. तेवढ्यात आमच्या गावच्या पंचाने हात वर केला. दम तुटला.

गावाने जल्लोष केला. नाना बाहेर जाऊन बसायला निघाले. पण माझे डोके त्यांच्या बरगडीला टेकलेले होते. बोटे रेघेला लागेपर्यंत ती गुणगुण चालू होती, पाळण्यातली, एकसारखी. पंचाला ती गर्दीत ऐकू आली नव्हती एवढेच. मी उठलो आणि पंचाला म्हणालो, दम होता. मी ऐकला.

आम्ही हरलो. पुस्तके वाचून पोरगा बिघडला, असा निकाल पारावर लागला. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नाना जाताना माझ्याजवळून गेले, माझ्या खांद्यावरची माती झटकली आणि म्हणाले, "कान चांगला शे तुना." लहान खरे मला बोलता आले होते. मोठे तसेच राहिले.

मी पास झालो. खानदेशात तेव्हा कॉलेज नव्हते, पुण्याला गेलो. पुढच्या संक्रांतीपर्यंत बुधा चालू लागला आणि नाना त्याच आठवड्यात मेहरूणला परतले. म्हैस बरोबर नव्हती. ती धुळ्यातच विकून आला, असे लोक म्हणाले. संघात त्यांना कोणी बोलावले नाही. वयही झाले होते, म्हणून कोणाला कारण द्यावे लागले नाही. तांब्या उपडाच राहिला. त्यांचे नाव निघाले की लोक धुळ्याचा सुपडू म्हणत.

बी.ए. झाल्यावर मला धुळ्याच्या शाळेत नोकरी मिळाली. आपला पोरगा धुळ्याला मास्तर झाला म्हणून मेहरूणने आनंदाने पेढे खाल्ले. त्या दिवशी पारावर हिरामण आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.

नोकरीवर जाण्याआधी एके सकाळी मी नानांना पाहिले. आमच्या गल्लीत एक चार-पाच वर्षांची मुलगी काठीने जमिनीवर रेघ ओढत होती. तिला जुने काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. समोरून नाना जिनात निघाले होते. रेघेपाशी ते थांबले. बऱ्याच वर्षांत त्यांच्यापुढे कोणी रेघ मारली नसावी. त्यांनी छाती भरून घेतली, गुणगुणायला लागले, एक पाऊल पलीकडे टाकले, आणि खोकल्याची उबळ आली. जिनातल्या धुळीने अखेर गाठले होते. बराच वेळ ते वाकून खोकत राहिले. मग पाय मागे घेतला आणि रेघेच्या अलीकडे उभे राहिले.

मुलगी म्हणाली, "जाय ना नाना, कोनी देखं नही."

नाना तिच्याकडे पाहून हसले, मागे वळले आणि तलावाच्या लांबच्या वाटेने कामाला गेले. मी दाराआड उभा होतो.

धुळ्यात महिन्याभराने बुधा मला शाळेच्या फाटकाशी भेटला. जरासा लंगडतो. मी ओळख द्यायला कचरत होतो, तोच म्हणाला, "मास्तर, गुडघावर कोना हात पडना ते गुडघाले ठावं ऱ्हास. नानाना हात म्हंजे सांडस. तो हात पोऱ्याना व्हता." मी विचारले, मग इतकी वर्षे बोलला का नाहीस. तो म्हणाला, नानांनीच मना केले होते. त्यांचे शब्द त्याने जसेच्या तसे सांगितले: "ज्याना हात शे, तो कधी ना कधी बोली."

त्याच संध्याकाळी मी पुढील पत्र लिहून टपालात टाकले.

तीर्थरूप सुपडू नाना यांस, धुळ्याहून भिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र टपालवाले भाऊ पारावर वाचतील हे मला ठाऊक आहे. तसेच वाचावे म्हणून पाकिटात न घालता उघडे पाठवीत आहे. भाऊ, आवाज मोठा ठेवा आणि हिरामण आबा आल्याशिवाय सुरू करू नका. नाना मध्येच पुरे म्हणतील. त्यांचे ऐकू नका.

संक्रांतीच्या सामन्यात बुधाचा पाय मोडला तो माझ्यामुळे. दम तुटलेला मी ऐकला होता, तरी मी त्याच्या गुडघ्यावर पडलो. नानांनी हात सोडलेला होता. मला मॅट्रिकला बसता यावे म्हणून त्यांनी ते आपल्यावर घेतले आणि माझ्याऐवजी धुळ्याला गेले. म्हैस कधीच नव्हती. तुम्ही सगळे म्हणत होता की सुपडू दम तुटलेल्या गड्यावर हात ठेवणार नाही, ते खरे होते. तेवढेच धरून बसला असता तर बरे झाले असते. पण खरे कोणी सांगायचे, तर मी, आणि मी गप्प होतो. माझ्या पदवीचे पेढे तुम्ही खाल्लेत. ते नानांच्या घरचे होते असे समजा.

आई आणि बाबा तिथे असतील तर त्यांनी मान खाली घालू नये. चूक माझी एकट्याची आहे. शिव्या मला द्याव्यात. आखाजीला मी येतो आहे, तेव्हा समोर द्याव्यात. बुधाही येणार आहे.

नाना, चाळीसगावच्या फलाटावर तुम्ही मला गप्प राहायला सांगितले होते, परीक्षेसाठी. परीक्षा कधीच होऊन गेली. मी तुमच्या सांगण्याचा जास्त फायदा घेतला. खोकल्यासाठी इथल्या डॉक्टरांना विचारले आहे. ते म्हणतात, जिनातले काम सोडायला हवे. माझी खोली आणखी दोन माणसांना पुरेल एवढी आहे. तुमचा दम म्हणजे लंगडा झालेला बैल; त्याच्या जागी जुवाला मी, ही रीत तुम्हीच मला शिकवली आहे. काकूंना घेऊन या.

हिरामण आबा, कोनाड्यातला तो तांब्या सरळ करा.

तुमचा
भिका